बावीस दिवस आणि त्याआधीची त्रेपन्न वर्षे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत औटघटकेच्या सत्ताधीशांची एक चौकट प्रसिद्ध झाली आहे. अल्पकाळ गादीवर बसलेले राजे, पंतप्रधान आणि पोप यांची ती जंत्री असून तीत पोप दुसरे मार्सेलस यांच्या वाट्याला एक ओळ आली आहे. सन १५५५, कारकीर्द २२ दिवसांची, आणि तेवढ्या काळात त्यांच्या हातून काही घडले नाही, असा त्या ओळीचा आशय आहे. साल बरोबर आहे, दिवसांची मोजदादही बरोबर आहे. माझी तक्रार शेवटच्या शेऱ्याविषयी आहे, कारण २२ दिवसांचे जरी बाजूला ठेवले, तरी त्याआधीच्या ५३ वर्षांकडे कोणी पाहिले असते तर हा शेरा लिहिण्यास त्याचा हात धजावला नसता. मी वसईचा राहणारा असून एका सार्वजनिक वाचनालयात तीसएक वर्षे ग्रंथपाल म्हणून काम करून निवृत्त झालो आहे. मार्सेलस हे पोप होण्यापूर्वी व्हॅटिकनच्या ग्रंथालयाचे प्रमुख होते. तेव्हा हे पत्र एका ग्रंथपालाने दुसऱ्याची बाजू घेण्यासाठी लिहिले आहे, असे कोणी म्हटल्यास मी ते नाकारणार नाही.

औटघटका म्हणजे साडेतीन घटका, आजच्या घड्याळाप्रमाणे अवघी ८४ मिनिटे. त्या मापाने २२ दिवस पुष्कळच झाले. शिवाय पोपांच्या इतिहासात मार्सेलस हे सर्वांत अल्पजीवीही ठरत नाहीत. सातवे अर्बन १५९० साली निवडून आले आणि १३ व्या दिवशी हिवतापाने गेले, त्यांच्या मस्तकावर मुकुट चढायचाही राहून गेला. तिसरे पायस १५०३ मध्ये २६ दिवस होते, अकरावे लिओ १६०५ मध्ये २७ दिवस. आजारी आणि थकलेला कार्डिनल (पोपची निवड करणाऱ्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांपैकी एक) निवडून आणला म्हणजे पुढची निवडणूक लवकर येते आणि आपल्या गटाला दुसरी संधी मिळते, असा हिशेब त्या काळी होत असे, आणि संधिवाताने जर्जर झालेल्या तिसऱ्या पायस यांच्या निवडीत तो उघड दिसतो. मार्सेलस यांना मात्र लवकर मरावेत म्हणून कोणी निवडले नव्हते. त्यांच्याकडून फार अपेक्षा होत्या, आणि म्हणूनच त्यांचे जाणे रोमला लागले.

त्यांचे मूळ नाव मार्चेल्लो चेर्वीनी. घराणे तोस्कानातील मोन्तेपुल्चानो गावचे, जन्म मात्र ६ मे १५०१ रोजी मोन्तेफानो या दुसऱ्याच एका लहान गावी झाला, कारण वडील रिच्चार्दो हे पोपच्या राज्याच्या वसुलीखात्यात नोकरीला होते आणि नोकरी नेईल तिथे बिऱ्हाड जाई. या वडिलांना एक छंद होता, आणि मुलाच्या आयुष्याची दिशा त्या छंदाने ठरवली. ज्युलियन पंचांगात वर्षाकाठी सुमारे ११ मिनिटांची चूक होती. ती साचत साचत सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात, म्हणजे वसंतात दिवस आणि रात्र समान होण्याचा दिवस, २१ मार्चऐवजी ११ मार्चला येऊ लागला होता, आणि ईस्टरचा सण त्या संपातावर ठरत असल्यामुळे हा केवळ ज्योतिष्यांचा प्रश्न उरला नव्हता. रिच्चार्दो यांनी पंचांगाच्या दुरुस्तीवर लिहिले होते. सिएन्ना येथे शिकलेला त्यांचा तरुण मुलगा ते लिखाण घेऊन पोप सातवे क्लेमेंट यांच्या रोममध्ये आला आणि तिथल्या विद्वानांच्या वर्तुळात शिरला. कोकणातल्या वाचकाला यातले मर्म समजावून सांगण्याची गरज नसावी. टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत काही वर्षी गणपती शेजाऱ्यांच्या महिनाभर आधी येतात, आणि आकाशाचे गणित माणसाच्या सणात कसे उतरते हे रत्नागिरीकडच्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते.

रोममध्ये त्यांचे खरे बस्तान बसले ते तिसरे पॉल पोप झाल्यावर, म्हणजे १५३४ नंतर. या पॉल यांनी गादीवर आल्याआल्या आपल्या १४ वर्षांच्या नातवाला, आलेस्सांद्रो फार्नेझे याला, कार्डिनल केले. त्या मुलाला शिकवण्याचे, त्याची पत्रे लिहिण्याचे आणि खरे सांगायचे तर त्याच्या नावावर कारभार हाकण्याचे काम चेर्वीनी यांच्याकडे आले. घराणेशाहीचा इतका जवळून अनुभव फार थोड्यांना मिळाला असेल. ज्या व्यवस्थेच्या शिडीवरून आपण चढलो, ती शिडी पुढे आपल्या आप्तांना वापरू द्यायची नाही, असे त्यांनी ठरवले असावे, असे मला त्यांच्या नंतरच्या वागण्यावरून वाटते. डिसेंबर १५३९ मध्ये ते स्वतः कार्डिनल झाले. निकास्त्रो, रेज्जो एमिलिया आणि गुब्बियो अशी तीन बिशपपदे त्यांच्याकडे एकामागून एक आली.

प्रॉटेस्टंट बंडाला उत्तर देण्यासाठी भरलेल्या ट्रेंटच्या धर्मसभेविषयी विस्ताराने लिहीत नाही, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. डिसेंबर १५४५ मध्ये ती सुरू झाली तेव्हा पोपच्या वतीने तिचे अध्यक्षपद तिघांकडे होते: जोव्हान्नी मारिया देल मोन्ते, इंग्लंडचे रेजिनाल्ड पोल आणि चेर्वीनी. बायबलमध्ये कोणते ग्रंथ येतात आणि लॅटिन भाषांतराचे स्थान काय, हे ठरवणारा एप्रिल १५४६ चा निर्णय या तिघांच्या देखरेखीखाली झाला. १५४७ मध्ये सभा ट्रेंटहून बोलोन्या येथे हलवण्याच्या बाजूने चेर्वीनी ठामपणे उभे राहिले आणि त्यामुळे सम्राट पाचवे चार्ल्स यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. सम्राटाच्या मर्जीतला माणूस नसूनही पुढे ते पोप झाले, एवढे इथे लक्षात ठेवले तरी पुरे.

आता ग्रंथालयाविषयी. व्हॅटिकनचे ग्रंथालय चौथे सिक्स्टस यांनी १४७५ मध्ये रीतसर स्थापन केले. पाऊणशे वर्षांनी, १५४८ पासून, त्याची धुरा चेर्वीनी यांच्याकडे आली आणि ग्रंथपाल हे पद प्रथमच एका कार्डिनलकडे गेले. नुसते मानाचे पद म्हणून ते मिरवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी ग्रीक, लॅटिन आणि हिब्रू हस्तलिखिते मिळवली, ग्रीक पोथ्यांच्या नकला करण्यासाठी आणि फाटलेल्या पानांच्या दुरुस्तीसाठी ग्रंथालयात माणसे कामाला होती, आणि गुल्येल्मो सिर्लेतो नावाच्या एका गरीब घरच्या पण असामान्य विद्वानाला त्यांनी हाताशी धरले. सिर्लेतो पुढे स्वतः कार्डिनल-ग्रंथपाल झाले. त्यांचे नाव या पत्रात पुन्हा येणार आहे.

हे काम काय असते ते सांगण्याचा मोह मला आवरत नाही. आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्याचे चार महिने पुस्तकांचे वैरी असतात. जून लागला की बांधणीवर बुरशीचा पांढरा थर येतो, पानांत कसर शिरते, आणि कपाटात वेखंडाचे तुकडे व डांबराच्या गोळ्या ठेवून आपण दाराशी बसायचे. दाखल नोंदवहीतील क्रमांक आणि कपाटातील पुस्तक यांचा मेळ घालताना दर वर्षी पाचपंचवीस पुस्तके कमी भरतात आणि कार्यकारी मंडळाला त्याचे उत्तर द्यावे लागते. वाचकाला मात्र ग्रंथपाल दिसतो तो विलंबशुल्क मागताना. ज्या पोथीमुळे तीनशे वर्षांनी एखाद्या अभ्यासकाला होमरचा एक पाठ नक्की करता येतो, ती पोथी त्या कपाटात कोणी आणली, कोणी वाळवली, कोणी यादीत नोंदवली, हे त्याच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत क्वचितच येते. म्हणून हातून काही घडले नाही हा शेरा ग्रंथपालाला जास्त झोंबतो.

चेर्वीनी यांना पोथ्या केवळ साठवायच्या नव्हत्या, छापायच्याही होत्या. ग्रीक छपाईत व्हेनिस पुढे होते आणि रोम मागे. त्यांनी रोमच्या आंतोनिओ ब्लादो या मुद्रकाला ग्रीक ग्रंथांच्या छपाईला लावले, आणि होमरवरील युस्टॅथियसची प्रचंड टीका १५४२ ते १५५० या काळात त्यातून बाहेर पडली. बाराव्या शतकातल्या एका बिशपने होमरवर लिहिलेले हे भाष्य तोवर हस्तलिखितातच होते. एवढ्यावर ते थांबले नाहीत. हबशांच्या देशातून, म्हणजे इथिओपियातून, यरुशलेममार्गे रोमला आलेला तस्फा सेयोन नावाचा एक विद्वान संन्यासी सेंट पीटरच्या मागच्या मठात राहत असे. त्याने आपल्या गीझ भाषेतील, म्हणजे इथिओपियाच्या जुन्या धर्मभाषेतील, नवा करार १५४८-४९ मध्ये रोममध्ये छापला, आणि त्याच्या पाठीराख्यांत चेर्वीनी होते. गंमत अशी की, रोमचे लोक या संन्याशाला पिएत्रो इंदियानो म्हणजे हिंदुस्थानी पीटर म्हणत, कारण त्या काळच्या युरोपात इथिओपिया आणि हिंदुस्थान यांची सरमिसळ नेहमीची होती. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या शेजारी शतके काढलेल्या आपल्या किनाऱ्याला ही चूक तितकीशी विचित्र वाटू नये. हबशाण आणि हिंदुस्थान यांच्यातला समुद्र आपले लोक रोजच ओलांडत होते.

इथे एक गोष्ट लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. चेर्वीनी हे रोमन इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायमंडळाच्या, कार्डिनलांपैकीही एक होते. सप्टेंबर १५५३ मध्ये रोमच्या कांपो दे फ्योरी चौकात तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या प्रती जाळण्यात आल्या, त्या याच इन्क्विझिशनच्या हुकमाने. हिब्रू पोथ्या जमवणारा माणूस हिब्रू ग्रंथ जाळणाऱ्या मंडळात बसलेला असतो, हे मला कधी नीट पचनी पडलेले नाही. त्यांची बाजू घेतो म्हणून त्यांना संत ठरवण्याची घाई मी करणार नाही. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन आले, तेव्हा या शब्दाचा अर्थ आपल्याकडे कोणाला पुस्तकातून शिकावा लागला नाही.

तिसरे ज्युलियस, म्हणजे ट्रेंटचे त्यांचे जुने सहकारी देल मोन्ते, २३ मार्च १५५५ रोजी वारले. एप्रिलच्या आरंभी कार्डिनल निवडसभेत बसले आणि ९ तारखेच्या संध्याकाळी चेर्वीनी निवडून आले. त्यांनी स्वतःचे बारशाचे नाव बदलले नाही. मार्चेल्लोचे लॅटिन मार्सेलस झाले, इतकेच. त्यांच्यापूर्वी सहावे एड्रियन यांनी १५२२ मध्ये असेच केले होते, आणि मार्सेलस यांच्यानंतर आजवर एकाही पोपने आपले मूळ नाव कायम ठेवलेले नाही. चौकटीत लिहिण्यासारखी विलक्षण गोष्टच हवी होती, तर ही एक होती. दुसऱ्या दिवशी, पवित्र आठवड्यातील बुधवारी, त्यांचा अभिषेक झाला. उपवासकाळ चालू असल्यामुळे सोहळा साधेपणाने झाला, आणि हा साधेपणा त्यांच्या स्वभावालाही मानवणारा होता.

त्यानंतर दोनच दिवसांनी आलेल्या गुड फ्रायडेविषयी, म्हणजे १२ एप्रिल १५५५ विषयी, मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. ट्रेंटच्या सभेचे सचिव आणि चेर्वीनी यांचे जुने चिटणीस आंजेलो मास्सारेल्ली यांनी त्या दिवसाची नोंद आपल्या दैनंदिनीत केली आहे. उपासना चालू असताना पोपना जाणवले, की प्रभूच्या दुःखसहनाच्या दिवशी जे गायन चालले आहे ते शोकापेक्षा आनंदाच्या सुरात आहे, आणि शब्द तर कोणाच्याच कानी नीट पडत नाहीत. उपासनेनंतर त्यांनी गायकांना बोलावून घेतले आणि सांगितले, की या दिवसांतले गायन प्रसंगाला साजेसे हवे, आणि जे गायले जाते ते ऐकू आले पाहिजे व समजले पाहिजे. कोणतेही फर्मान निघाले नाही, बंदी घातली गेली नाही. एका माणसाने समोरच्या गायकांना केलेली ती सूचना होती.

माझे बालपण आमच्या चर्चच्या गायनवृंदात गेले. त्या वेळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होत असे. क्रेदो, म्हणजे श्रद्धेचा कबुलीपाठ, सुरू झाला की आम्ही पोरे ओळीमागून ओळी धडाधड म्हणत असू आणि त्यातला एकही शब्द आम्हाला कळत नसे. आमचे गाणे शिकवणारे मास्तर तालाला पक्के होते, अर्थाविषयी विचारले की म्हणत, देवाला कळतो. माझी आजी तर लॅटिन प्रार्थनांचे आपल्या वाडीतल्या बोलीत असे काही रूप करून टाकी, की ते ऐकून रोमचा पंडितही चकित झाला असता. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन सभेनंतर मिस्सा मराठीत आली. पहिल्यांदा मराठीत गुड फ्रायडेची उपासना झाली तेव्हा शेवटच्या बाकावर बसलेल्या कोळणी हुंदके देऊन रडल्याचे मला स्पष्ट आठवते, कारण आयुष्यभर ऐकलेल्या शब्दांचा अर्थ त्यांना त्या दिवशी कळला होता. ऐकू आले पाहिजे व समजले पाहिजे, हे मार्सेलस यांचे म्हणणे मी पुढे वाचले तेव्हा मला त्या बायका आठवल्या. मार्सेलस यांना अर्थातच लॅटिन सोडायचे नव्हते, त्यांना लॅटिन शब्द सुरांच्या गर्दीतून वेगळे ऐकू यायला हवे होते. या दोन गोष्टी एक नाहीत हे मी जाणतो.

या प्रसंगावरून पुढे एक दंतकथा तयार झाली, आणि मार्सेलस यांचे नाव आज जगात टिकले आहे ते मुख्यतः तिच्यामुळे. ती अशी सांगतात: पोप मार्सेलस चर्चमधून बहुस्वरी संगीत, म्हणजे अनेक आवाजांनी एकाच वेळी वेगवेगळे सूर गाण्याची पद्धत, हद्दपार करायला निघाले होते, तेव्हा पालेस्त्रीना या संगीतकाराने एक मिस्सा, म्हणजे त्या उपासनेत गायची संगीतरचना, रचून त्यांना ऐकवली आणि ती ऐकून पोपनी आपला विचार बदलला. कथा सुंदर आहे, पण घडलेली नाही. पालेस्त्रीना यांची 'मिस्सा पापे मार्चेल्ली' म्हणजे पोप मार्सेलस यांची मिस्सा प्रसिद्ध झाली १५६७ मध्ये, पोप जाऊन बारा वर्षे लोटल्यावर, आणि तिची रचनाही त्यांच्या हयातीतली मानली जात नाही. दंतकथेचा पहिला लेखी उल्लेख सापडतो तो त्याहून ४० वर्षांनी, १६०७ मध्ये. ट्रेंटच्या सभेने १५६२ मध्ये संगीतावर जो निर्णय दिला त्यातही बहुस्वरी गायनावर बंदी नव्हती, कामुक किंवा अपवित्र वाटेल असे काही चर्चमध्ये येऊ नये, इतकेच म्हटले होते.

तरीही दंतकथेत सत्याचा अंश आहे, आणि माझ्या मते तो कथेपेक्षा अधिक मोलाचा आहे. पालेस्त्रीना हे जानेवारी १५५५ मध्येच पोपच्या गायनवृंदात दाखल झाले होते. म्हणजे गुड फ्रायडेला पोपनी ज्या गायकांपुढे ती सूचना केली, तो पालेस्त्रीना यांचा स्वतःचा वृंद होता. पुढच्या पोपनी विवाहित गायक नकोत म्हणून त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांना त्या नोकरीतून काढले. बारा वर्षांनी छापलेली ती मिस्सा सहा आवाजांची आहे. ग्लोरिया हे स्तुतिगान आणि क्रेदो यांत शब्द फार असतात, म्हणून तिथे त्यांनी बहुतेक आवाजांना एकच अक्षर एकाच वेळी म्हणायला लावले आहे, आणि शब्द खरोखरच कानी पडतात. आमच्या मास्तरांकडे या मिस्सेची एक जुनी तबकडी होती. ती ऐकताना लॅटिन न समजणाऱ्या आम्हा पोरांनाही निदान शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे कळत असे.

गादीवरचे उरलेले दिवस लवकर सांगून होतील. मार्सेलस यांनी दरबाराचा खर्च कमी करायला घेतला. आपल्या पुतण्या-भाच्यांना त्यांनी रोममध्ये येण्याची परवानगी दिली नाही. त्यांच्या आधीच्या पोपनी १७ वर्षांच्या एका मानलेल्या पुतण्याला कार्डिनल केल्यावर रोममध्ये ज्या कंड्या पिकल्या होत्या, त्यांच्या पार्श्वभूमीवर ही मनाई किती बोलकी होती ते ध्यानात यावे. धर्मसुधारणेच्या योजनांवर विचार सुरू झाला. प्रकृती मुळात नाजूक होती, त्यात पवित्र आठवड्याच्या लांबलचक विधींची दगदग झाली. एप्रिलच्या अखेरीस त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ३० एप्रिल व १ मे यांमधल्या रात्री ते वारले. ५४ वा वाढदिवस पाच दिवसांवर आला होता. रोमच्या सुशिक्षितांना व्हर्जिलच्या काव्यातील दुसऱ्या एका मार्सेलसवरच्या ओळी आठवल्या. ऑगस्टस सम्राटाच्या अकाली गेलेल्या त्या भाच्याविषयी कवीने म्हटले आहे, की नियती त्याला पृथ्वीला नुसता दाखवील, राहू देणार नाही.

त्यांच्या जागी २३ मे रोजी कार्डिनल काराफा निवडून आले आणि चौथे पॉल झाले. मार्सेलस यांना बिशपपदाची दीक्षा देणारे हेच होते. त्यांनी दोन महिन्यांच्या आत, १४ जुलैला, रोमच्या ज्यूंना भिंतीआड कोंडणारा हुकूम काढला आणि १५५९ मध्ये निषिद्ध ग्रंथांची पहिली रोमन यादी जाहीर केली. ग्रंथ जमवणाऱ्या पोपच्या मागोमाग ग्रंथांवर बंदी घालणारे पोप आले. मार्सेलस अधिक जगते तर इतिहास वेगळा झाला असता, असे म्हणण्याचा मोह होतो, पण इन्क्विझिशनमधले त्यांचे आसन मी वरच सांगितले आहे, तेव्हा तो मोह मी आवरतो.

या सगळ्याचा वसईशी काय संबंध, असे कोणी विचारील. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे जाऊन १५५५ मध्ये २१ वर्षे झाली होती, आणि वसईचे पहिले संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म साधारण त्याच सुमाराचा. लिस्बनहून निघणारा जहाजांचा ताफा मार्च-एप्रिलमध्ये सुटे आणि पावसाळा सरताना गोव्याला लागे. ९ एप्रिलला रोममध्ये झालेली निवड त्या वर्षीच्या ताफ्याला लिस्बनमध्ये गाठणे जवळजवळ अशक्य. त्यामुळे मार्सेलस निवडून आल्याची, ते गेल्याची आणि चौथे पॉल आल्याची अशा तिन्ही बातम्या आमच्या किल्ल्यात एकाच थैलीतून उतरल्या असाव्यात, असा माझा तर्क आहे. म्हणजे ज्या २२ दिवसांत मार्सेलस पोप होते, त्यांतल्या एकाही दिवशी वसईत कोणाला ते पोप असल्याचे ठाऊक नव्हते, आणि त्यांच्या नावाने मिस्सेत प्रार्थना करण्याची वेळ इथे कधी आलीच नसावी.

१९७८ मध्ये मात्र आम्हाला दुसऱ्याच दिवशी कळले. पहिले जॉन पॉल ३३ दिवसांत गेले, तेव्हा वाडीतल्या एकमेव रेडिओभोवती माणसे जमली होती, आणि फादरांनी सकाळी घंटा वाजवायला सांगितले तर घंटा वाजवणाऱ्याने विचारले, मागच्याच महिन्यात वाजवली होती ना? १५५५ प्रमाणे १९७८ हेही तीन पोपांचे वर्ष ठरले. त्या वेळी आमच्या वाचनालयात कोणीतरी मला विचारले, की असे पूर्वी कधी झाले होते काय, आणि उत्तर शोधताना मी पहिल्यांदा मार्सेलस यांच्यापर्यंत पोहोचलो. वाचकाच्या एका प्रश्नामुळे ग्रंथपालाचे शिक्षण होते, ते असे.

शेवटी त्या पंचांगाचे काय झाले, ते सांगायचे राहिले. तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये ते दुरुस्त केले. ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबरचा शुक्रवार आला आणि मधले दहा दिवस गाळले गेले. हे काम करणाऱ्या मंडळाचे प्रमुख होते कार्डिनल गुल्येल्मो सिर्लेतो, मार्सेलस यांनी ग्रंथालयात हाताशी धरलेले तेच विद्वान. रिच्चार्दो चेर्वीनी यांनी मांडलेला प्रश्न मुलाने रोमला आणला, आणि तो सोडवणाऱ्यांच्या अध्यक्षस्थानी मुलाने घडवलेला माणूस बसला. आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत इंग्रजी तारखांचा जो रकाना असतो, तो या पंचांगाचा आहे. मार्सेलस यांच्या बहिणीचा मुलगा रोबेर्तो बेल्लार्मिनो हाही पुढे कार्डिनल झाला, पण मामाच्या शिफारशीवर नव्हे. मामा गेले तेव्हा तो १२ वर्षांचा होता. १६१६ मध्ये गॅलिलिओला कोपर्निकसच्या मताविषयी समज देणारे कार्डिनल ते हेच.

चौकटीत जागा किती थोडी असते याची मला कल्पना आहे, आणि हे पत्र लांबल्यामुळे त्याला कात्री लावण्याचा आपला अधिकारही मला मान्य आहे. माझी विनंती इतकीच आहे, की पुरवणीच्या पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी आणि त्या शेऱ्याच्या जागी 'व्हॅटिकन ग्रंथालयाचे पहिले कार्डिनल-ग्रंथपाल' हे शब्द घालावेत. ते तेवढ्याच ओळीत मावतात, मी मोजून पाहिले आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त ग्रंथपाल, वसई